सांध्यातील कूर्चेची दुरुस्ती : मूलपेशींच्या पशुप्रयोगांचा इतिहास

१

इ. स. १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे विल्यम हंटर यांचा एक निबंध वाचला गेला. सांध्यांतील कूर्चेची रचना व तिचे रोग हा त्याचा विषय होता. हंटर यांचे वय त्या वेळी अवघे पंचवीस वर्षांचे होते. कूर्चेवरील व्रण ही मोठी त्रासदायक व्याधी असून एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे हिपॉक्रॅटीसच्या काळापासून सर्वमान्य असलेले मत त्यांनी या निबंधात नमूद केले. पुढील अडीचशे वर्षांत या विषयावरील असंख्य ग्रंथांचा आरंभ हंटर यांच्या याच विधानाने होत आला आहे. जेम्स पॅजेट यांनी १८५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शल्यविकृतिविषयक व्याख्यानांतही गमावलेला कूर्चेचा भाग नव्या कूर्चेने भरून आल्याचे उदाहरण आढळत नसल्याचा निर्वाळा दिला आहे. तथापि त्याच सुमारास, १८५१ मध्ये, ॲबर्डीनचे पीटर रेडफर्न यांनी कूर्चेवरील जखमांचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून त्या तंतुमय ऊतकाने सांधल्या जातात असे दाखविले होते. म्हणजे कूर्चेची जखम सदैव जशीच्या तशीच राहते असे नाही. तिच्या जागी काहीतरी उत्पन्न होते. प्रश्न इतकाच होता, की जे उत्पन्न होते त्याला कूर्चा म्हणावे की नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अस्थिमज्जेतील मूलपेशींचा, म्हणजे ज्यांना सर्वत्र स्टेम सेल म्हणून ओळखले जाते त्यांचा, या कार्यासाठी उपयोग करण्याचे प्रयत्न सुरू झाले. ससे, कुत्री, शेळ्या, डुकरे, घोडे व अखेरीस माकडे यांच्या सांध्यांवर हे प्रयोग झाले. नव्या पेशींच्या शोधांची एक मालिका, असे या प्रयोगांचे वर्णन सामान्यतः केले जाते. परंतु ते क्रमाने तपासले असता त्यांतून दुसराही एक इतिहास उलगडतो. ‘दुरुस्ती’ कशास म्हणावे, हा निकष घडत गेल्याचा तो इतिहास होय. प्रयोगासाठी कोणता प्राणी घेतला, क्षत केवढे केले, निरीक्षण किती काळ चालविले आणि तुलना कशाशी केली, या चार गोष्टींवर प्रत्येक निष्कर्षाचे भवितव्य अवलंबून राहिले आहे.

२

या इतिहासाचे मर्म समजण्यास कूर्चेच्या रचनेची थोडी ओळख आवश्यक आहे. सांध्यात हाडांची जी टोके एकमेकांवर सरकतात, त्यांवर काचाभ कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात व लसीकावाहिन्याही नसतात. तिच्या वजनाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग पाण्याचा असतो. उरलेल्या भागात मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनचे तंतू व पाणी धरून ठेवणारी प्रथिन-शर्करा संयुगे असतात. तंतूंचे जाळे ताण सोसते आणि त्यात कोंडलेले पाणी दाब सोसते. पेशींचा वाटा अवघ्या काही टक्क्यांचा असतो. या कूर्चापेशी आपापल्या कोंदणात एकाकी बसलेल्या असून प्रौढपणी त्यांचे विभाजन जवळजवळ थांबलेले असते. शरीरात इतरत्र जखम झाली, की रक्त वाहते, गुठळी बनते आणि तीत दुरुस्ती करणाऱ्या पेशी शिरतात. कूर्चेत यातील पहिली पायरीच नाही.

म्हणूनच कूर्चेच्या क्षताचे दोन प्रकार कटाक्षाने वेगळे मानावे लागतात. केवळ कूर्चेपुरते मर्यादित असलेले क्षत बहुधा तसेच राहते. परंतु क्षत जर खालच्या हाडापर्यंत पोहोचले, तर अस्थिमज्जेतील रक्त व पेशी वर येतात आणि क्षत भरू लागते. ब्रिस्टल येथील शल्यविशारद केनेथ प्रिडी यांनी १९५९ मध्ये मांडलेली पद्धती याच तत्त्वावर आधारलेली होती. झिजलेल्या गुडघ्यातील उघड्या पडलेल्या हाडाला भोके पाडून मज्जेला वाट करून द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. अशा रीतीने उत्पन्न होणारे ऊतक प्रायः तंतुमय कूर्चेचे असते. ते जागा भरून काढते. परंतु काचाभ कूर्चेइतका भार दीर्घकाळ सोसण्याची क्षमता त्यात नसते. मज्जेत दुरुस्तीची काही शक्ती आहे, हे मात्र यावरून स्पष्ट झाले. ही शक्ती कोणत्या पेशींत वसते, हे पुढील काळात शोधले गेले.

३

मूलपेशींकडे वळण्यापूर्वी संशोधकांनी साहजिकच खुद्द कूर्चापेशींचा विचार केला. ऑड्रे स्मिथ यांनी १९६५ मध्ये प्रौढ सस्तन प्राण्यांच्या कूर्चेतून पेशी वेगळ्या काढून त्या गोठवूनही जिवंत राहू शकतात असे दाखविले. १९६८ मध्ये चेस्टरमन व स्मिथ यांनी, आणि १९७१ मध्ये बेंटली व ग्रीअर यांनी, अशा पेशींचे सशांच्या सांध्यांत रोपण केले. १९८९ मध्ये ग्रँडी, पीटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्याच कूर्चेतून काढून वाढविलेल्या पेशी त्याच सशाच्या गुडघ्याच्या वाटीतील क्षतात घातल्या. पेशी घातलेल्या क्षतांत सरासरी ८२ टक्के भाग कूर्चेने भरून आला, तर पेशी न घातलेल्या क्षतांत हे प्रमाण १८ टक्के होते. या कामाच्या आधारे स्वीडनमधील गोटेबर्ग येथे ब्रिटबर्ग, पीटरसन प्रभृतींनी २३ रुग्णांवर हा उपचार केला व त्याचा वृत्तांत १९९४ मध्ये प्रसिद्ध केला.

यानंतर तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, ब्राइनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष जाहीर केले. येथे तीन गट होते. एका गटात क्षतावर हाडाचे आवरण शिवून त्याखाली पेशी सोडल्या, दुसऱ्या गटात नुसते आवरण शिवले आणि तिसऱ्या गटात क्षत उघडे ठेवले. बारा व अठरा महिन्यांनंतर या तीन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. सशात जे दिसले ते कुत्र्यात दिसले नाही, आणि तेही उपचार मनुष्यापर्यंत पोहोचल्यानंतर. प्रयोगांचा क्रम येथे उलटा झाला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कूर्चापेशींच्या मार्गात आणखी दोन अडचणी होत्या. त्या मिळविण्यासाठी निरोगी कूर्चेचा तुकडा कापावा लागे, म्हणजे एक क्षत भरण्यासाठी दुसरे करावे लागे. शिवाय काचपात्राच्या तळाशी पसरून वाढविलेल्या कूर्चापेशी आपले मूळ गुणधर्म हळूहळू गमावतात आणि दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनऐवजी पहिल्या प्रकारचे कोलॅजन निर्माण करू लागतात. विपुल वाढणाऱ्या व मागाहून कूर्चेचे रूप घेणाऱ्या पेशी अन्यत्र मिळाल्यास या दोन्ही अडचणी टळतील, असा विचार प्रबळ होण्यास ही पार्श्वभूमी कारणीभूत झाली.

४

अशा पेशींचा माग मॉस्को येथे आधीच लागलेला होता. गामालेया संस्थेतील अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी १९६० नंतरच्या दशकात प्राण्यांची अस्थिमज्जा शरीरात अन्य ठिकाणी रोपून तेथे हाड तयार होते असे दाखविले. १९७० मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगांच्या मज्जेतील पेशी काचपात्रात वाढविल्या. त्यांपैकी फारच थोड्या पेशी पात्राच्या तळाला चिकटल्या. परंतु चिकटलेल्या एकेका पेशीपासून स्वतंत्र वसाहत निर्माण झाली. रक्त उत्पन्न करणाऱ्या मज्जेत हाड उत्पन्न करणाऱ्या पेशींचेही मूळ आहे, हा या कामाचा निष्कर्ष होता. ऑक्सफर्ड येथे मॉरीन ओवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम पुढे नेले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सशांच्या मज्जेतील पेशी सूक्ष्म छिद्रे असलेल्या बंद कोषांत भरून ते कोष सशांच्या उदरात ठेवण्यात आले. कोषाच्या पडद्यालगत, जेथे पोषण अधिक मिळे, तेथे हाड बनले. आतल्या भागात कूर्चा बनली. एकाच मूळ साठ्यातील पेशी परिस्थितीनुसार निरनिराळी रूपे घेतात, याचे हे बोलके प्रमाण होते. रक्तपुरवठ्याविना जगणारी कूर्चा पोषणापासून दूर असलेल्या भागात निर्माण व्हावी, हेही तिच्या स्वभावाला धरूनच होते.

अमेरिकेत क्लीव्हलंड येथील अर्नल्ड कॅपलन यांनी १९९१ मध्ये या पेशींना ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ हे नाव दिले. गर्भावस्थेत ज्या मध्यस्तरीय ऊतकापासून हाड, कूर्चा, कंडरा इत्यादी बनतात, त्या ऊतकाची शक्ती प्रौढ शरीरातही शिल्लक असते, ही कल्पना या नावात गृहीत होती. नाव आकर्षक होते आणि ते झपाट्याने रूढ झाले.

५

ओसाका येथे सशांच्या कूर्चापेशींवर काम केलेले वाकितानी हे कॅपलन व गोल्डबर्ग यांच्या समवेत क्लीव्हलंड येथे संशोधन करू लागले. त्यांचा १९९४ चा निबंध या क्षेत्रातील आद्य प्रयोग म्हणून ओळखला जातो. सशाच्या मज्जेतून अथवा हाडाच्या आवरणातून पेशी काढून, त्या वाढवून, कोलॅजनच्या जेलमध्ये मिसळून त्याच सशाच्या गुडघ्यातील मोठ्या क्षतात त्यांनी घातल्या. दोन आठवड्यांत सर्व क्षतभर या पेशींनी कूर्चापेशींचे रूप घेतले. पुढे ही कूर्चा तळाकडून वर हाडात रूपांतरित होत गेली आणि चोवीस आठवड्यांनी खालचे हाड पूर्ववत होऊन त्यावर कूर्चेचा थर शिल्लक राहिला.

या निबंधाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. त्यात केवळ सूक्ष्मदर्शकातील चित्रावर न थांबता नव्या ऊतकाचा ताठरपणाही मोजला होता. रिकाम्या क्षतांत आपोआप बनलेल्या ऊतकापेक्षा हे ऊतक अधिक ताठर होते. परंतु मूळ कूर्चेपेक्षा कमी ताठर होते. तसेच दुरुस्तीचे गुणांकन करण्यासाठी या संशोधकांनी चौदा गुणांची एक श्रेणी तयार केली. तीत शून्य म्हणजे निरोगी कूर्चा. ही श्रेणी पुढे अनेक प्रयोगशाळांनी स्वीकारली. दुरुस्तीचा निकष उघडपणे लिहून ठेवण्याचा हा प्रयत्न पेशींच्या रोपणाइतकाच टिकाऊ ठरला.

६

या यशाचा अर्थ लावताना मात्र एक वर्ष आधीचे, १९९३ चे, एक काम विसरून चालत नाही. शपिरो, कोइदे व ग्लिम्चर यांनी १२२ सशांमध्ये तीन मिलिमीटर व्यासाची ३६४ छिद्रे पाडून त्यांत काहीही न घालता काय घडते ते अठ्ठेचाळीस आठवडे पाहिले. तीन आठवड्यांत जवळजवळ सर्व छिद्रांत कूर्चेचा थर दिसू लागला आणि चोवीस आठवड्यांपर्यंत खालच्या हाडाची पाटीही पुन्हा तयार झाली. किरणोत्सारी खुणांच्या साहाय्याने असे सिद्ध झाले, की हे सर्व काम मज्जेतून आलेल्या पेशींनी केले. शेजारच्या कूर्चेतील पेशींनी त्यात भाग घेतला नाही. परंतु बारा ते वीस आठवड्यांच्या दरम्यानच झिजेची चिन्हे दिसू लागली व अखेरपर्यंत ती वाढत गेली. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जेथे नवे व जुने ऊतक एकसंध भासले, तेथेही ध्रुवित प्रकाशाने पाहता ती दोन्ही एकमेकांस जडलेली नव्हती.

या निरीक्षणाचे दोन परिणाम झाले. एक असा, की सशाच्या लहानशा छिद्रातील ऊतक पाहून श्रेय बाहेरून घातलेल्या पेशींना द्यावे की प्राण्याच्या स्वतःच्या मज्जेला, हे रिकाम्या छिद्राशी काटेकोर तुलना केल्यावाचून ठरविता येईना. दुसरा असा, की बारा आठवड्यांवर थांबलेला प्रयोग आणि अठ्ठेचाळीस आठवडे चाललेला प्रयोग यांचे निकाल परस्परविरुद्ध येऊ शकतात, हे दिसून आले. क्षताच्या आकाराचा प्रश्नही यापूर्वीच उपस्थित झालेला होता. कॉन्व्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये घोड्यांवर केलेल्या प्रयोगांत तीन मिलिमीटरची क्षते इतकी चांगली भरून आली, की नऊ महिन्यांनी ती शोधणेही कठीण झाले. त्याहून मोठी क्षते मात्र नीट भरली नाहीत.

यात शरीररचनेच्या भेदाची भर पडते. सशाच्या मांडीच्या हाडावरील कूर्चा सुमारे ०.३ मिलिमीटर जाड असते, तर मनुष्याच्या गुडघ्यात ती दोन मिलिमीटरांहून अधिक असते. घोड्याची कूर्चा जाडीने मनुष्याच्या बरीच जवळ येते. सशात हाडापर्यंत केलेले क्षत बहुतांशी हाडाचेच असते आणि हाडाची दुरुस्तीची शक्ती सर्वज्ञात आहे. सारांश, ससा स्वस्त व सुलभ असला, तरी त्याच्यावरून मनुष्याविषयी अनुमान काढणे जोखमीचे आहे, हे क्रमाक्रमाने मान्य होत गेले.

७

मोठ्या प्राण्यांवरील प्रयोगांनी हे चित्र अधिक गुंतागुंतीचे केले. २००३ मध्ये मर्फी, बॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांच्या गुडघ्यातील अर्धचंद्राकृती चकती काढून व एक अस्थिबंध तोडून सांध्याची झीज घडवून आणली. नंतर त्या सांध्यात मज्जेतील एक कोटी मूलपेशी टोचल्या. उपचार केलेल्या सांध्यांत काढून टाकलेल्या चकतीच्या जागी बरेच नवे ऊतक निर्माण झाले आणि कूर्चेची झीज कमी झाली. टोचलेल्या पेशी या नव्या ऊतकात आढळल्या. पण कूर्चेचे रक्षण झाले ते त्या पेशी स्वतः कूर्चा बनल्यामुळे, असे म्हणण्यास आधार मिळाला नाही.

२००७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील विल्की, नायडम व निक्सन यांनी घोड्यांच्या गुडघ्यात पंधरा मिलिमीटरची क्षते करून एका बाजूस फायब्रिनमध्ये मिसळलेल्या मूलपेशी व दुसऱ्या बाजूस नुसते फायब्रिन घातले. तीस दिवसांनी काढलेल्या नमुन्यांत मूलपेशींची बाजू उघडपणे सरस होती. आठ महिन्यांनी मात्र दोन्ही बाजूंत लक्षणीय फरक उरला नाही. हा प्रयोग जर महिन्याभरातच संपविला असता, तर तो यशाचा वृत्तांत म्हणून नोंदला गेला असता.

असे का घडावे, याचे एक उत्तर प्रयोगशाळेतील कामातून मिळाले. १९९८ मध्ये जॉनस्टन व सहकाऱ्यांनी सशाच्या मज्जेतील पेशींचा लहानसा गोळा करून योग्य वृद्धिघटकाच्या सान्निध्यात त्यातून कूर्चा तयार केली. परंतु या कूर्चेत दहाव्या प्रकारचे कोलॅजनही आढळले. आणि हे कोलॅजन म्हणजे हाडात रूपांतरित होऊ घातलेल्या कूर्चेची खूण होय. २००६ मध्ये पेल्तारी व सहकाऱ्यांनी मानवी मूलपेशींपासून बनविलेली अशी कूर्चा उंदरांच्या त्वचेखाली रोपली असता तीत चुना साठला व रक्तवाहिन्या शिरल्या. गर्भात हाडे घडविणारी कूर्चा तात्पुरती असते. सांध्यावरील कूर्चा मात्र आयुष्यभर टिकते. मज्जेतील पेशींना पहिला मार्ग सहज सापडतो, दुसऱ्या मार्गावर त्यांना टिकवून ठेवणे अवघड जाते.

८

या अनुभवाचा परिणाम नावावरही झाला. २००५ मध्ये पेशी-उपचारविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने या पेशींना सरसकट ‘स्टेम सेल’ न म्हणता ‘स्ट्रोमल’, म्हणजे आधार-ऊतकातील, पेशी म्हणावे अशी सूचना केली. त्यांची कार्यशक्ती मुख्यतः त्यांनी स्रवलेल्या द्रव्यांत आहे, हा विचार कॅपलन यांनी स्वतःच २००६ मध्ये पुढे मांडला आणि २०१७ मध्ये तर आपण दिलेले नाव बदलावे असे आवाहन केले. आपल्याच संज्ञेचा त्याग सुचविण्याचे हे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात विरळ आहे.

मनुष्यावरील अनुभवही याच्याशी जुळणारा आहे. वाकितानी यांनी २००२ मध्ये झिजलेल्या गुडघ्यांच्या २४ रुग्णांचा वृत्तांत दिला. सर्वांच्या पायाचे हाड सरळ करण्याची शस्त्रक्रिया झाली. त्यांपैकी बारा जणांना मज्जेतील पेशीही दिल्या गेल्या. पेशी दिलेल्यांच्या सांध्यातील ऊतक पाहण्यास अधिक चांगले होते. परंतु वेदना व हालचाल यांतील सुधारणा दोन्ही गटांत सारखीच होती. पुढे २०११ मध्ये त्यांनी ४१ रुग्णांच्या दीर्घकालीन निरीक्षणात अर्बुद अथवा जंतुसंसर्ग आढळला नसल्याचे नोंदविले. उपचार निर्धोक असणे आणि तो गुणकारी असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या दोन वृत्तांतांतून एकत्र दिसते. दरम्यान अनेक देशांत गुडघेदुखीने त्रासलेल्या वृद्धांना अशा पेशींची इंजेक्शने भारी किमतीला विकण्याचा व्यवसाय फोफावला. त्याची जाहिरात करताना बहुधा अल्पकाळ चाललेल्या प्रयोगांचाच आधार घेतला गेला.

९

अलीकडील प्रयोगांत या सर्व धड्यांचे प्रतिबिंब दिसते. २०२० मध्ये स्टॅनफर्ड येथील चॅन, लाँगेकर व सहकाऱ्यांनी उंदरांवर काम करताना बाहेरून पेशी न घालता हाडाला सूक्ष्म इजा करून तेथील स्वतःच्या अस्थि-मूलपेशी जागृत केल्या. हाडाकडील वाट रोखण्यासाठी रक्तवाहिन्यांच्या वाढीला प्रतिबंध करणारे द्रव्य त्यांनी एका वृद्धिघटकाबरोबर दिले. प्रिडी यांच्या जुन्या भोकांमागील तर्क येथे नव्या रूपाने परतला आहे. क्योटो येथील त्सुमाकी यांच्या गटाने प्रवर्तित बहुशक्तिक पेशींपासून आधी कूर्चेचे गोलक तयार केले व मग ते रोपले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात माकडांच्या गुडघ्यातील क्षतांत हे गोलक शेजारच्या कूर्चेला जडले, त्यांनी प्रतिकारक प्रतिक्रिया निर्माण केली नाही, आणि निदान चार महिने ते दुरुस्तीत सहभागी राहिले. सशांच्या छिद्रांत १९९३ मध्ये जी जोडणी आढळली नव्हती, ती येथे आढळली ही मोठी प्रगती होय. चार महिन्यांपलीकडील काळाची कसोटी मात्र या निष्कर्षालाही लागू आहे.

२०११ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गुडघ्याच्या कूर्चेसंबंधीच्या उपचारांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तीत शेळी, मेंढी व घोडा यांसारख्या मोठ्या प्राण्यांवरील अभ्यासावर भर आहे. हा नियम कोणा एका शोधातून आलेला नाही. रिकाम्या छिद्रांची निरीक्षणे, कुत्र्यांतील निष्फळ तुलना आणि घोड्यांतील आठव्या महिन्याचा निकाल यांतून तो हळूहळू साकारला. यांपैकी एकाही कामाने नवा उपचार दिला नाही. तथापि त्यांच्यावाचून कोणत्याही नव्या उपचाराचे मूल्य ठरविता आले नसते. या संशोधनात हजारो प्राण्यांचे सांधे जाणूनबुजून दुखावले गेले व अखेरीस त्यांचे प्राणही घेतले गेले. ज्या प्रयोगात तुलनेचा गट नाही अथवा जो पुरेसा काळ चालला नाही, त्यातील प्राणी व्यर्थ गेले असेच म्हणावे लागते.

हंटर यांनी नमूद केलेल्या मताला आज मर्यादा घालता येते. नाश पावलेल्या कूर्चेच्या जागी कूर्चेसारखे ऊतक निर्माण करता येते, ही गोष्ट आता निर्विवाद आहे. ते ऊतक शेजारच्या कूर्चेशी एकजीव व्हावे, त्याचे हाड होऊ नये, आणि चालत्या प्राण्याचा भार त्याने वर्षानुवर्षे सोसावा, या तीन अटी ज्या प्रयोगात एकत्र पूर्ण होतील, त्याच प्रयोगाने १७४३ चे ते विधान पूर्णपणे इतिहासजमा होईल.